नाकाची मापं घ्यायची कशी आणि त्यातले फरक वाचायचे कसे: प्रोजेक्ट करणाऱ्यांसाठी सविस्तर

५२ मिलीमीटर उंच आणि ३६ मिलीमीटर रुंद असं एक नाक घ्या. रुंदीला उंचीने भागून शंभरने गुणलं की ६९.२ येतात, यालाच नाकाचा इंडेक्स म्हणतात, आणि पाठ्यपुस्तकातल्या तक्त्याप्रमाणे हे नाक 'अरुंद' गटात बसतं. आता त्याच माणसाचं तेच नाक पुन्हा मोजलं, फक्त वरचा पॉइंट दोन मिलीमीटर खाली धरला, तर उंची येते ५०, इंडेक्स होतो ७२ आणि नाक जातं 'मध्यम' गटात. माणूस तोच आहे, खुर्चीवरून हललासुद्धा नाही, हललं ते फक्त तुमचं बोट.

हे सुरुवातीलाच सांगतेय कारण दरवर्षी कुणी ना कुणी हा विषय प्रोजेक्टला घेतं, पट्टीने किंवा मोबाईलच्या फोटोवरून वीस-पंचवीस नाकं मोजतं आणि शेवटी लिहून टाकतं की अमुक लोकांची नाकं रुंद असतात आणि तमुकांची सरळ. नाकाच्या मापांत गटागटांत फरक असतात, स्त्री-पुरुषांत तर नक्कीच असतात, पण ते बहुतेक वेळा दोन-चार मिलीमीटरचे असतात, म्हणजे नवख्या हाताची चूक जेवढी होते साधारण तेवढेच. त्यामुळे आधी आपला हात किती चुकतो ते माहीत पाहिजे, मग लोकांच्या नाकांबद्दल बोलायचं. खाली जे लिहिलंय ते त्याच क्रमाने आहे.

आधी ठरवा, मोजताय कशासाठी

हा प्रश्न फालतू वाटतो पण कुठलं माप घ्यायचं ते यावरच ठरतं. चष्म्याच्या फ्रेमसाठी नाकाचा दांडा वरच्या बाजूला किती उंच आणि किती रुंद आहे ते लागतं, नाकपुड्यांच्या बाहेरच्या मऊ पाळ्यांची रुंदी तिथे कामाची नाही. धूळ किंवा गॅसपासून वाचवणारा मास्क नीट बसतो का बघायचं असेल तर चेहऱ्याची लांबी-रुंदी पण लागते, नुसत्या नाकावर भागत नाही. अमेरिकेत अशा मास्कच्या साइझ कितीतरी वर्षं हवाई दलातल्या लोकांच्या १९६७-६८ च्या मापांवर ठरत होत्या, म्हणजे कारखान्यात काम करणाऱ्या बाया, वेगवेगळ्या वंशांचे कामगार, वयस्कर लोक हे सगळे त्यात धरलेच नव्हते. शेवटी २००३ मध्ये निऑश या तिथल्या सरकारी संस्थेने ३,९९७ कामगारांचे चेहरे नव्याने मोजून घेतले. नाक मोजण्याचा हा माझ्या मते सगळ्यात प्रामाणिक उपयोग आहे, कारण यात माप चुकलं तर कुणाच्या तरी फुप्फुसात धूळ जाते.

कॉलेजच्या प्रोजेक्टला बहुतेकांना नासिका निर्देशांक, म्हणजे नेझल इंडेक्स काढायचा असतो. त्याला दोनच मापं लागतात, उंची आणि रुंदी. मी म्हणेन की तिसरं माप पण घ्या, नाकाचा शेंडा किती पुढे आलाय ते. मिनिटभराचं काम आहे आणि चेहरा बाजूने कसा दिसतो ते कळतं, जे इंडेक्समधून अजिबात कळत नाही.

सामान

डिपार्टमेंटला स्लायडिंग कॅलिपर असेल तर तोच घ्या, त्याची टोकं बोथट असतात. नसेल तर वर्कशॉपमधला व्हर्निअर किंवा डिजिटल कॅलिपर चालतो पण त्याचे जबडे धारदार असतात आणि तुम्ही ते कुणाच्या तरी दोन डोळ्यांच्या मधोमध नेणार आहात हे लक्षात ठेवा. टोकांची धार बारीक पॉलिश पेपरने मारून घ्या. टोकांवर जाड टेप लावू नका, टेपची जाडी मापात येते. डिजिटल कॅलिपर ३४.८७ असा आकडा दाखवतो म्हणून तुम्हाला मिलीमीटरचा शंभरावा भाग कळला असं होत नाही, कातडी लोखंडासारखी नसते, नुसत्या स्पर्शाने अर्धा मिलीमीटर दबते. दशांशाच्या एका घरापर्यंत लिहा, बस.

बाकी काय लागेल: पाठ सरळ राहील अशी खुर्ची, काजळ पेन्सिल, स्पिरिट आणि कापूस, पेपर नॅपकिन, आधीच छापून ठेवलेले फॉर्म, आणि आकडे लिहायला एक माणूस. स्वतः मोजायचं आणि स्वतःच लिहायचं असं करू नका. लिहिणाऱ्याने आकडा मोठ्याने परत म्हणायचा, आणि मराठीत आकडे सांगताना तर सुटे अंक सांगायचे, 'तीन-नऊ', 'चार-नऊ' असे, कारण एकोणचाळीस आणि एकोणपन्नास घाईत ऐकू यायला फार जवळ आहेत आणि दहा मिलीमीटरची चूक अशी फॉर्मवर बसली की नंतर शोधताना डोकं दुखतं.

परवानगी

लेखी घ्या, मराठीत घ्या, वाचून दाखवा. अठराच्या आतली मुलं असतील तर आईवडिलांची सही. फॉर्मवर नाव नको, नंबर टाका, आणि नंबर-नावाची यादी वेगळी कुलपात ठेवा. चेहऱ्याचा फोटो काढणार असाल तर त्याची परवानगी वेगळी, कारण फोटोवरून माणूस ओळखता येतो. समोरचा नाही म्हणाला तर का म्हणून विचारत बसू नका.

नाक ही गोष्ट लोकांना वाटते त्यापेक्षा नाजूक आहे. चाफेकळी नाक, नकटं नाक, पोपटनाक असले शब्द लहानपणापासून कानावर पडलेले असतात, आणि कुणाकुणाला त्यावरून स्थळं नाकारली गेलेली असतात. त्यामुळे मोजताना तोंडातून 'अरे वा, छान सरळ आहे' असंही काढू नका, पुढच्या खुर्चीवर बसलेली मुलगी ते ऐकत असते.

डोकं कसं धरायचं

माणूस खुर्चीवर ताठ, पाय जमिनीवर, नजर समोर. डोकं किती वर-खाली असावं याची एक ठरलेली पद्धत आहे, १८८४ साली फ्रँकफर्टला जमलेल्या मानवशास्त्रज्ञांनी ठरवलेली, म्हणून तिला फ्रँकफर्ट प्लेन म्हणतात. कानाच्या भोकासमोर जो छोटा मऊ उंचवटा असतो त्याच्या वरची खाच आणि डोळ्याच्या खोबणीची खालची हाडाची कडा, या दोन्ही एका आडव्या रेषेत आल्या पाहिजेत. बाजूने बघून कुणीतरी सांगायचं, 'हनुवटी थोडी खाली'.

तोंड मिटलेलं, दात हलके टेकलेले आणि हसायचं नाही. हसलं की पाळ्या बाजूला ताणल्या जातात आणि रुंदी सरळ वाढते, आणि कॅलिपर नाकाजवळ आला की दहातले सात जण हसतातच. थांबा, हसू ओसरू द्या. श्वास पण शांत पाहिजे, जोरात श्वास आत घेताना नाकपुड्या फुलतात, म्हणून श्वास सोडून झाल्यावरच्या क्षणाला माप घ्या. सर्दी असेल, नाक आधी कधी मोडलेलं असेल, ऑपरेशन झालेलं असेल तर फॉर्मवर तशी नोंद करा आणि असे लोक हिशोबातून बाजूला ठेवा.

चार पॉइंट, आणि त्यातला एक फसवा

नेझिऑन. नाक कपाळाला मिळतं तिथे कपाळाचं हाड आणि नाकाची हाडं यांचा सांधा असतो, त्या सांध्याचा मधला बिंदू. फसवा आहे तो हाच. बहुतेक सगळे नाकाच्या मुळाशी जी सगळ्यात खोल जागा दिसते तिथे खूण करतात, पण ती जागा वेगळी आहे, तिला सेलिऑन म्हणतात आणि ती नेझिऑनच्या थोडी खाली असते. माझ्या पहिल्या फील्डवर्कला मी चाळीस जणांची उंची याच खोल जागेपासून घेतली होती. मॅडमनी एकाच माणसावर स्वतः मोजून बघितलं आणि तीन मिलीमीटरचा फरक निघाला, सगळी चाळीस मापं बाद झाली आणि पुढच्या आठवड्यात एसटीने परत त्याच गावी जाऊन सगळ्यांना पुन्हा बसवावं लागलं, त्यातले सहा जण तोवर ऊसतोडीला निघून गेले होते. ते सहा माझ्या तक्त्यात आजही रिकामे आहेत.

तर नेझिऑन शोधायचा असा: तर्जनीचं नख नाकाच्या मधल्या रेषेवर ठेवा, अगदी हलक्या हाताने वर-खाली आणि डावी-उजवीकडे सरकवा, हाडाच्या सांध्याची बारीक कड किंवा खाच नखाला लागते. डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यांना जोडणारी रेषा मनात काढा, नेझिऑन त्या रेषेच्या वर येतो. खाली येत असेल तर चुकलंय. काजळ पेन्सिलने टिंब द्या. चष्मा लावणाऱ्यांच्या नाकावर पॅडचे वळ असतात, ते बाजूला असतात आणि खाली असतात, त्यांचा आधार घेऊ नका.

सबनेझाले. दोन नाकपुड्यांच्या मधला पडदा खाली येऊन वरच्या ओठाला मिळतो तो कोपरा. समोरून दिसत नाही, थोडं खाली वाकून बघा. मिशा असतील तर केस बाजूला करून टोक कातडीला टेकवा.

अलारे, डावा आणि उजवा. पाळ्यांचा सगळ्यात बाहेर गेलेला बिंदू. इथे खूण करायची गरज नसते. पण एक गोंधळ होतो, पाळी गालाला जिथे चिकटते ती जागा वेगळी, ते पाळ्यांच्या बुडाचं माप, आणि काही लोकांत पाळी बाहेर फुगून खाली परत आत वळते त्यामुळे दोन्ही मापांत बऱ्यापैकी फरक येतो. कुठलं घेतलं ते लिहा.

प्रोनेझाले. नाकाच्या शेंड्याचा सगळ्यात पुढे आलेला बिंदू, बाजूने बघून ठरवायचा.

आणि शब्दांचं एक: 'उंची' म्हणजे नेझिऑन ते सबनेझाले, 'लांबी' म्हणजे नेझिऑन ते शेंडा. इंडेक्सला उंची लागते. जुन्या रिपोर्टमध्ये कधी लांबी लिहून उंची मोजलेली असते, तुलना करायच्या आधी व्याख्या वाचा.

प्रत्यक्ष मोजताना

आधी उंची. कॅलिपर उभा धरा, ज्या हातात धरलाय त्याची करंगळी त्या माणसाच्या कपाळावर टेकवा, म्हणजे तो दचकून हलला तर हात त्याच्याबरोबर हलेल आणि टोक डोळ्यात जाणार नाही. हे मी फार मनापासून सांगतेय, मापं चुकली तर पुन्हा घेता येतात. स्थिर टोक नेझिऑनवर, सरकतं टोक हळू वर आणत सबनेझालेला टेकवा. टेकवा म्हणजे टेकवा, दाबू नका, तिथली कातडी मऊ असते आणि टोक वर घुसलं की उंची कमी भरते.

मग रुंदी. कॅलिपर आडवा, जबडे नाकापेक्षा मोठे उघडून घ्या आणि दोन्ही बाजूंनी हळूहळू आणा. पाळीला नुसता स्पर्श झाला पाहिजे. पाळीची कातडी पांढुरकी पडली तर तुम्ही दाबलंय, सोडा आणि परत घ्या. शेवटी सबनेझालेपासून शेंड्यापर्यंत.

बायकांचं मोजताना नथ, मोरणी, चमकी असते, आणि ती बहुतेक डाव्या नाकपुडीत असते, म्हणजे नेमकी जबडा टेकतो तिथेच. काढता येत असेल तर विनंती करायची, पण काही जणींची चमकी वर्षानुवर्षं काढलेली नसते आणि मागचा फिरकीचा खिळा बसलेला असतो, तिथे जबरदस्ती अजिबात नको. एका आजींचं माप घेताना मी विचारलं, "आजी, मोरणी काढता का जरा?" तर त्या म्हणाल्या, "अगं पोरी, लग्नात घातलीय ती, आता कुठली निघायची, तू तशीच मोज." मी जबडा मोरणीच्या किंचित वर टेकवून माप घेतलं आणि फॉर्मवर तसं लिहिलं. जड नथ रोज घालणाऱ्यांचं भोक खाली ओघळलेलं असतं, त्याचीही नोंद करा.

सगळी मापं झाली की टोकं स्पिरिटने पुसा, टिंब पुसायला नॅपकिन द्या, त्या माणसाला दहा मिनिटं बसवून ठेवा आणि पुन्हा पहिल्यापासून मोजा. पहिले आकडे बघायचे नाहीत, दुसरा फॉर्म कोरा असला पाहिजे. निदान पहिल्या दहा जणांना तरी हे दोनदा मोजणं करायचंच.

फोटोवरून मोजू का, असं खूप जण विचारतात. मोबाईलच्या फोटोवरून नको. जवळून काढलेल्या फोटोत चेहऱ्याचा जो भाग पुढे असतो तो मोठा दिसतो, आणि सगळ्यात पुढे नाकच असतं. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या प्लास्टिक सर्जन लोकांनी हिशोब करून दाखवलं की १२ इंचांवरून काढलेल्या सेल्फीत नाकाची रुंदी चेहऱ्याच्या मानाने सुमारे ३० टक्के जास्त दिसते. नाक मोठं आहे म्हणून ऑपरेशन करायला जाणाऱ्या मुलामुलींना हे कुणीतरी सांगायला पाहिजे.

आपला हात किती चुकतो ते काढा

याला टेक्निकल एरर ऑफ मेझरमेंट म्हणतात, आपण 'हाताची चूक' म्हणू. दहा जणांची रुंदी दोनदा घेतली. प्रत्येकाच्या दोन मापांतला फरक लिहा, समजा असे आले: ०.५, १, ०, ०.५, १, १.५, ०.५, ०, १, ०.५. प्रत्येकाचा वर्ग करून बेरीज करा, ६.२५ येते. तिला माणसांच्या दुपटीने म्हणजे २० ने भागा, ०.३१ येतात, वर्गमूळ काढा, ०.५६ मिलीमीटर. सरासरी रुंदी ३५ असेल तर ही चूक १.६ टक्के झाली, शिकाऊ माणसासाठी हे चांगलं आहे. उंचीची चूक बहुतेक जास्त येते, कारण नेझिऑन. दीड मिलीमीटरच्या वर आली तर मोजणं थांबवा आणि एकाच माणसावर नेझिऑन शोधायची प्रॅक्टिस करा. दोघं मिळून मोजणार असाल तर दोघांमधली चूक पण याच पद्धतीने काढायची, आणि एकाने सगळ्या बायका मोजल्या, दुसऱ्याने सगळे पुरुष, असं तर चुकूनसुद्धा करू नका. मग जो फरक दिसेल तो स्त्री-पुरुषांचा की तुम्हा दोघांच्या हातांचा हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

किती माणसं घ्यायची

नाकाच्या रुंदीचं स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे मापं सरासरीच्या आजूबाजूला किती पसरलीत त्याचा आकडा, एका गटात, एका लिंगात साधारण २ मिलीमीटर असतं. दोन गटांत प्रत्येकी दहाच माणसं घेतली तर जवळजवळ २ मिलीमीटरपर्यंतचा फरक नुसत्या योगायोगाने येऊ शकतो. तीस-तीस घेतली तर ही मर्यादा १ मिलीमीटरच्या आसपास येते. म्हणून प्रत्येक गटात तीस पुरुष आणि तीस स्त्रिया हे किमान धरा. सगळे १८ ते ३० वयाचे असावेत, कारण वय वाढतं तसा नाकाचा शेंडा खाली उतरतो, आणि एका गटात आजोबा आणि दुसऱ्यात कॉलेजची पोरं असं झालं की तुलना संपली. शरीराची उंची पण लिहून घ्या, मोठ्या अंगाच्या माणसाचं नाकही मोठं असतं.

स्त्री-पुरुष फरक कसा वाचायचा

टोरंटोचे लेस्ली फार्कस यांनी चेहऱ्याची मापं घेण्याची आजची पद्धत बसवली. त्यांच्या उत्तर अमेरिकेतल्या गोऱ्या तरुणांच्या आकड्यांत पुरुषांच्या नाकाची सरासरी उंची ५५ मिलीमीटरच्या आसपास आणि रुंदी ३५ च्या आसपास आहे, स्त्रियांची उंची ५१ च्या आसपास आणि रुंदी साडेएकतीस. आता इंडेक्स काढून बघा, पुरुषांचा सुमारे ६४ आणि स्त्रियांचा ६२. मिलीमीटरमध्ये ठसठशीत दिसणारा फरक इंडेक्समध्ये जवळपास विरघळून गेला, कारण पुरुषाचं नाक उंचीला आणि रुंदीला दोन्हीकडे मोठं असतं आणि भागाकारात ते कापलं जातं. म्हणून स्त्री-पुरुष तुलना करताना नुसता इंडेक्स देऊ नका, मूळ मिलीमीटर द्या. इंडेक्स आकार सांगतो, मोठं-लहान सांगत नाही.

हा फरक येतो कधी तर वयात येताना. आयोवा विद्यापीठाच्या संशोधकांनी युरोपीय वंशाच्या तीच ती मुलं तीन वर्षांची असल्यापासून पंचविशीपर्यंत मोजली, साधारण अकराव्या वर्षापासून मुलग्यांची नाकं पुढे जायला लागली आणि मोठेपणी ती सरासरी १० टक्के मोठी भरली. त्यांचं म्हणणं असं की पुरुषांच्या अंगात स्नायू जास्त, स्नायूंना ऑक्सिजन जास्त, म्हणून हवेची वाट मोठी.

आणि एक हिशोब नक्की करा. पुरुषांची सरासरी ३५, स्त्रियांची ३१.५, दोन्हीकडे डेव्हिएशन २, मधोमध रेघ मारली तर दर पाच पुरुषांतला जवळपास एक रेघेच्या अलीकडे आणि दर पाच स्त्रियांतली जवळपास एक पलीकडे निघते. सरासरीत साडेतीन मिलीमीटरचा फरक असूनसुद्धा हे असं. एकट्या नाकावरून बाई की पुरुष हे ठरवता येत नाही, आणि गटागटांतले बहुतेक फरक तर यापेक्षा लहान असतात.

गटांमधला फरक

पहिली अडचण गट ठरवण्याचीच. आडनावावरून अंदाज करू नका, त्या माणसाला विचारा: जन्म कुठला, मातृभाषा कुठली, आजी-आजोबा चारही कुठले. तो जे सांगेल ते लिहा. आपल्याला जो एक गट वाटतो तो एक असेलच असं नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात इरावती कर्वे आणि के. सी. मल्होत्रा यांनी महाराष्ट्रातल्या आठ ब्राह्मण पोटजातींची शारीरिक तुलना केली, १९६८ साली ते छापून आलं. आठही एकाच पायरीवरचे म्हणून शरीरानेही एकसारखे, असं काही निघालं नाही. हे आपल्या गावातलं काम आहे आणि प्रोजेक्टच्या पहिल्या पानावर याचा उल्लेख असायला हरकत नाही.

जगभराचं बघायचं तर फार्कस आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या १,४७० तरुण-तरुणींची मापं एकत्र मांडली, त्यात उत्तर अमेरिकेतल्या गोऱ्यांच्या तुलनेत आशियाई आणि आफ्रिकी गटांचा फरक सगळ्यात ठळक दिसला तो नाकाच्या रुंदीतच.

हे असं का, तर एक जुनी कल्पना हवामानाची. श्वासातली हवा फुप्फुसात पोचेपर्यंत अंगाइतकी गरम आणि पुरेशी ओली व्हावी लागते, ते काम नाकाच्या आतली ओलसर कातडी करते, वाट अरुंद असेल तर हवा त्या कातडीला जास्त घासून जाते. थॉमसन आणि बक्स्टन यांनी १९२३ मध्ये नासिका निर्देशांकाचा तापमान आणि आर्द्रतेशी संबंध दाखवला, थंड कोरड्या प्रदेशात अरुंद, उष्ण दमट प्रदेशात रुंद. पुढे १९५४ मध्ये वीनर म्हणाले की हवेत प्रत्यक्ष किती पाणी आहे हे जास्त महत्त्वाचं. २०१७ मध्ये पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाच्या टीमने पश्चिम आफ्रिका, पूर्व आशिया, दक्षिण आशिया आणि उत्तर युरोप इथल्या मूळच्या लोकांची नाकं थ्रीडी फोटोंवरून तपासली. सात मापं घेतली, आणि त्यातली दोनच, नाकपुड्यांची रुंदी आणि पाळ्यांच्या बुडाची रुंदी, नुसत्या योगायोगाने पडेल त्यापेक्षा जास्त वेगळी निघाली, आणि हवामानाशी जुळली ती नाकपुड्यांची रुंदी. उंची, दांड्याची लांबी, शेंड्याचा पुढेपणा हे बाकीचे फरक पिढ्यानपिढ्या आपोआप पडले असं म्हणायला जागा आहे. म्हणजे 'नाक हवामानाप्रमाणे घडतं' हे वाक्य सरसकट लिहायचं नाही, कुठलं माप ते सांगायचं. जीन्सचंही तसंच, २०१६ मध्ये लॅटिन अमेरिकेतल्या सुमारे ६,००० लोकांच्या अभ्यासात डीसीएचएस२ हा जीन नाकाच्या टोकदारपणाशी, रनएक्स२ दांड्याच्या रुंदीशी, जीएलआय३ आणि पॅक्स१ नाकपुड्यांच्या रुंदीशी जोडलेले सापडले. म्हणजे एका नाकात वेगवेगळ्या तुकड्यांचा हिशोब वेगवेगळा आहे.

रिस्लीचं प्रकरण वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका

हर्बर्ट रिस्ली, ब्रिटिश राजवटीतला आयसीएस अधिकारी, १८९१ मध्ये बंगालच्या जातीजमातींची मापं छापली आणि त्यावरून म्हणाला की सरासरी नाक जितकं अरुंद तितका जातीचा दर्जा वरचा. हाच माणूस १९०१ च्या जनगणनेचा कमिशनर झाला आणि तिथे जातींची प्रतिष्ठेप्रमाणे उतरंड लावायचा खटाटोप झाला. मालवणात जन्मलेले आणि मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र शिकवणारे गो. स. घुर्ये यांनी १९३२ मध्ये तेच आकडे प्रांतवार मांडून बघितले. उत्तर हिंदुस्थानात काही प्रमाणात जुळतं, बाकी ठिकाणी, आपल्या महाराष्ट्रातसुद्धा, नाकाचा आणि जातीच्या पायरीचा मेळ बसत नाही, हे त्यांनी दाखवलं. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३३ मध्ये रिस्लीचे छापील तक्ते तपासले आणि त्यातल्या चुका दुरुस्त करून पुन्हा छापले.

महालनोबिस या वाटेला लागले ते नागपूरमुळे. १९२० च्या नागपूरच्या सायन्स काँग्रेसमध्ये प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन अ‍ॅनंडेल यांनी त्यांना कलकत्त्यातल्या अँग्लो-इंडियन लोकांच्या मापांचं गणित करायला सांगितलं, आणि त्या धाग्यातून १९३६ मध्ये त्यांची डी-स्क्वेअर ही पद्धत पूर्ण झाली, जी आज जगभर वापरतात. तिचा मुद्दा असा की एका मापावर दोन गटांचं अंतर काढू नका, सगळी मापं एकत्र घ्या आणि ती एकमेकांशी किती जोडलेली आहेत तेही धरा. नाकाच्या मापांनी झालेलं नुकसान भरून काढणारं गणित नाकाच्याच मापांतून निघालं, याचा मला खरोखर आनंद वाटतो.

रिपोर्ट लिहिताना

प्रत्येक मापाची व्याख्या, कॅलिपर कुठला, मोजलं कुणी, हाताची चूक किती, गट कसा ठरवला, वय काय, हे आधी. मग स्त्रिया आणि पुरुष वेगळे, गट वेगळे, प्रत्येकाची संख्या, सरासरी आणि डेव्हिएशन, मिलीमीटरमध्ये, आणि त्यानंतर इंडेक्स. ७० च्या खाली अरुंद, ७० ते ८४.९ मध्यम, ८५ पासून पुढे रुंद हे वर्ग हवे तर द्या, पण ते जिवंत माणसांचे आकडे आहेत, कवटीसाठी मर्यादा वेगळ्या आहेत, ४७ च्या खाली अरुंद आणि ५१ पासून रुंद, दोन्हींची सरमिसळ करू नका. टक्केवारीचे वर्तुळ-चार्ट काढण्यापेक्षा सगळी टिंबं दाखवणारा आलेख काढा, दोन गट एकमेकांत किती मिसळलेत ते डोळ्यांना दिसतं.

निष्कर्षाचं वाक्य असं असावं: 'या ३० जणांची सरासरी रुंदी त्या ३० जणांपेक्षा १.४ मिलीमीटर जास्त आली, आमच्या हाताची चूक ०.६ मिलीमीटर आहे, दोन्ही गटांतली बहुतेक मापं एकमेकांच्या पट्ट्यात येतात.' आणि ज्यांची मापं घेतली त्यांना त्यांचे स्वतःचे आकडे एका चिठ्ठीवर लिहून द्या, मागितले नाहीत तरी. मोरणीवाल्या आजींनी ती चिठ्ठी नातवाकडून वाचून घेतली, रुंदी तीन-सात, उंची चार-आठ, आणि मग त्यालाच खुर्चीवर बसवलं, "आता याचं मोज, माझ्यावर गेलाय का बघू."